गोष्ट ऐकून पोरगं कुठं जाईल?

शेवंताताई गेल्याचं कळलं तेव्हा वीस-बावीस मुलं सतरंजीवर मांड्या घालून त्यांचीच वाट बघत होती. शनिवार, सकाळचे साडेदहा. जुन्नरच्या आमच्या वाचनालयात ही गोष्टीची वेळ, आणि अकरा वर्षांत ताई कधी पाच मिनिटंसुद्धा उशिरा आल्या नव्हत्या. त्यांचा पाट भिंतीशी मांडलेला होता. पाटाशेजारी त्यांनी गुरुवारीच निवडून ठेवलेली पाच चित्रपुस्तकं सुतळीनं बांधून ठेवली होती. त्यांच्या गावाहून, डिंगोऱ्याहून, त्यांचा भाचा मोटरसायकलवर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, आत्या गेली. सकाळीच.” एवढंच. मी ग्रंथपाल माणूस, मला पुस्तकं कळतात, पोरं कळत नाहीत. “आज आजींना बरं नाही” असं खोटंच सांगून मी त्यांना घरी धाडलं, आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती सुतळी सोडली. प्रत्येक गठ्ठ्यावर ताई त्या आठवड्याच्या विषयाची चिठ्ठी लावायच्या. या चिठ्ठीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘पाणी’. हा विषय त्यांनी अकरा वर्षांत एकदाही घेतला नव्हता, आणि का घेतला नव्हता हे बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होतं.

ताईंची सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. निवृत्त झाल्यावर त्या एक दिवस वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमची ल्हान पोरांची पुस्तकं नुस्ती कपाटात झोपल्यात. मी येऊन सांगू का गोष्टी?” मी कपाळाला आठ्या घातल्या. लहान मुलं म्हणजे चिकट हात, फाटलेली पानं, खिडकीतून बाहेर गेलेली पुस्तकं… पण त्यांना ‘नाही’ म्हणणं अवघड होतं. बाई ठेंगणी, आवाज मऊ, आणि हट्ट मात्र पोलादी. दर गुरुवारी दुपारी त्या यायच्या, बालविभागातली पुस्तकं काढून सतरंजीवर पसरायच्या आणि स्वतः मुलांच्या उंचीला, अगदी जमिनीवर बसून एकेक पान उलटायच्या. कधी विषय ‘आजोळ’, कधी ‘बाजार’, कधी ‘झोप’. विषय ठरला की त्यात बसणारी पंधरा-वीस पुस्तकं निघायची आणि त्यातली चार-पाच उरायची. ही निवड कशावर होते ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, “मी एकच बघते. ही गोष्ट ऐकून पोरगं कुठं जाईल?”

मला वाटलं, संस्कार वगैरे म्हणत असतील. पण त्यांना ते अक्षरशः म्हणायचं होतं. वाघाच्या पिल्लाशी मैत्री करणाऱ्या मुलाचं एक अतिशय देखणं पुस्तक होतं, मीच हौसेनं मागवलेलं. ताईंनी ते मिटून बाजूला सारलं. “आपल्याकडं घराला लागून ऊस हाय, भाऊ. पोरगं उसात हुडकाया जाईल.” पेटीत लपलेल्या सशाचं पुस्तक बाद, कारण पोर धान्याच्या कणगीत जाऊन बसेल. आकाशाची पुस्तकं मात्र त्यांना फार आवडायची. खोडदची मुलं यायची, ती आपल्या गावातल्या त्या अवाढव्य अँटेना कशा ताऱ्यांचं बोलणं ऐकतात ते रंगवून सांगायची, आणि ताई मान डोलवत म्हणायच्या, “हे बरं. पोर वर बघंल, कुठं जानार न्हाई.” मी हसायचो. इतकी भीती घेऊन कुणी गोष्टी सांगतं का, असं त्यांना तोंडावर विचारलंसुद्धा. त्यांनी पुढचं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या वर्षी मला ती पानं सापडली. कपाट लावताना एक पुस्तक जाड लागलं, उघडून बघतो तर एका पानावर पांढरा कागद चिकटवलेला. मग दुसरं सापडलं, तिसरं सापडलं… एकूण नऊ पुस्तकं. घरी शिजवलेली खळ, कडा सरळ, काम सुबक. पण वाचनालयाच्या पुस्तकाला कुणी खळ लावली की माझं डोकं फिरतं. मी भरपूर आवाज चढवला. ताई शांतपणे म्हणाल्या, “फाडलं न्हाई, भाऊ. झाकलंय फक्त.” काय झाकलंय, का झाकलंय, अवाक्षर नाही. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी प्रत्येक पुस्तकापुढे ‘एक पान झाकलेले’ असं रागारागानं लिहिलं आणि विषय सोडून दिला, कारण तोवर शनिवारी व्हरांड्यात चपलांना जागा पुरेनाशी झाली होती.

गोष्ट सांगताना झाकलेलं पान आलं की त्या त्यावर तळहात ठेवायच्या. “हितं जरा थांबायचं,” म्हणायच्या आणि दोन-तीन श्वास थांबून पुढचं पान उलटायच्या. एवढी चुळबुळणारी पोरं त्या वेळी गप्प व्हायची. एकदा एक चार वर्षांची मुलगी पुढे झाली, तिनं कागदावर कान टेकवला आणि म्हणाली, “आत पोरगी हाय.” ताईंनी पान उलटलं. मी टेबलाशी बसून ऐकत होतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलानं, दुसऱ्या पुस्तकाच्या झाकलेल्या पानाला तेच म्हटलं. मुलं एकमेकांना सांगतात, त्यात काय एवढं, असं मी मनाशी म्हटलं. मग एका उन्हाळ्यात आम्ही दोघं भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत पुस्तकांची पिशवी घेऊन गेलो. भातखाचरांच्या कडेला दहा-बारा घरं. तिथल्या मुलांनी जुन्नर पाहिलेलं नव्हतं, आमची मुलं त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एका मुलीनं झाकलेल्या पानावर हात ठेवला आणि झटकन काढून परकराला पुसला. “वलं हाय,” म्हणाली. मग वाकून, हळू आवाजात, “ए, तू आत काय करती?” मी ते पुस्तक हातात घेतलं. कागद कोरडा ठणठणीत होता.

त्यानंतर मी जे केलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. मला स्वतःलाच पटवायचं होतं की पानात काही नाही. एका शुक्रवारी ओल्या फडक्यानं एका पुस्तकातला कागद मी सोडवला. थोडा ओरखडा उमटला, पण निघाला. खाली विहीर होती. साधी, दगडी, काठावर बेडूक बसलेली हसरी विहीर. मग बाकीची आठही पुस्तकं उजेडासमोर धरून पाहिली, प्रत्येक झाकलेल्या पानावर विहीरच. ‘बाई विहिरीला घाबरते’ एवढाच अर्थ मी काढला, आणि ताईंना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी सांगितलं नाही. वाद नको म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेमकं तेच पुस्तक उचललं. विषय होता ‘शेजारी’. त्या पानावर तळहात ठेवायला गेल्या आणि कागद नव्हता. हात तसाच अधांतरी राहिला. त्या चित्राकडे बघत होत्या, आणि तोंडानं अगदी हळू म्हणत होत्या, “वाकू नको… वाकू नको गं…” एक मुलगा रडायला लागला. मीच पुढे होऊन पुस्तक मिटलं.

मुलं गेल्यावर त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि मला न विचारता सांगू लागल्या. त्या नऊ वर्षांच्या होत्या. आई-वडील रानात, धाकटी बहीण यांच्या हवाली. तिला सगळे बारकीच म्हणायचे. “लई रडत व्हती, भाऊ. मग मी गोष्ट रचली. म्हनलं, आपल्या इहिरीत एक म्हातारी ऱ्हाती, तिच्याकडं लई भावल्या हायेत. गप झाली. मला बरं वाटलं. मी भाकरी टाकाया आत गेले…” मग पायरीवरची माती हातानं सारत म्हणाल्या, “पहिली गोष्ट सांगितली अन् पोरगी बघाया गेली.” मला माझीच लाज वाटली. त्यांच्या भीतीला हसणारा मी, आणि त्यांनी साठ वर्षं प्रत्येक गोष्ट त्या एका गोष्टीपाशी नेऊन ताडून पाहिलेली.

दोन शनिवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी मी घरून वाटीत खळ करून आणली, गुठळ्या झालेली. ताईंनी वाटीत बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. “ही खळ हाय का पिठलं?” आम्ही दोघांनी मिळून तो कागद परत लावला. तेव्हापासून नव्या पुस्तकात विहीर असली की मीच खूण करून ठेवायचो.

आमची शेवटची भेट ‘पाणी’चा गठ्ठा बांधला त्या गुरुवारची. पुस्तकं निवडून झाली होती, मी वहीत डोकं घालून होतो. त्यांनी विचारलं, “भाऊ, तवा पान उघडलं तर तुमाला आत कोन दिसलं?” म्हटलं, कुणी नाही, नुसती विहीर. “मला दिसली व्हती,” त्या म्हणाल्या. मग सुतळीची गाठ मारत, माझ्याकडे न बघता, “मी गेल्यावर तिच्याकडं कोन बघनार? आतच ऱ्हाईल ती. मीच कोंडून ठिवलीय की.” मी नेहमीचं काहीतरी बोललो, असं काही मनात आणू नका वगैरे. त्या गेल्या. गठ्ठा मी पाहिलाच नाही. शनिवारी सोडला तेव्हा कळलं की त्या पाचांत ते ओरखड्याचं पुस्तकही आहे आणि कागद काढलेला आहे, अलगद, माझ्यासारखा ओरबाडून नाही. बाकी चारांतलीही विहिरीची पानं उघडी.

दहाव्याला डिंगोऱ्याला गेलो. घरामागची ती विहीर कधीच बुजवली आहे, आता तिथं शेवगा आहे आणि काठाचे दोन-चार दगड. ताई त्यातल्याच एका दगडावर, झाडाला टेकून बसलेल्या सापडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, एक इचारू? केस वलेचिंब व्हते आत्याचे. अन् आंगुळीचं पानी तर चुलीवरच व्हतं, तिनं घेतलंच न्हाई.” मी म्हटलं, पहाटेचं दव पडलं असेल. तो बरं म्हणाला. आम्हा दोघांनाही ते पटलं नव्हतं.

महिनाभर शनिवार बंद होते. मग मुलंच दाराशी येऊन बसायला लागली, तेव्हा मला गठ्ठा घेऊन सतरंजीवर बसावं लागलं. पाटावर बसायचं धाडस झालं नाही, त्याच्या पुढ्यात खालीच बसलो. आधी दोन दिवस ताईंचा प्रश्न मी स्वतःला विचारत होतो, ही गोष्ट ऐकून पोरगं कुठं जाईल? हे ठरवणं पहिल्यांदाच माझ्या हातात होतं. विहिरीचं पान आलं. मी झाकलं नाही. “ही विहीर,” म्हटलं. “खोल असते. आत कुणी राहत नाही, भावल्या नाहीत, काही नाही. एकट्यानं काठावर जायचं नाही, वाकायचं नाही.” मुलांनी ऐकून घेतलं. ईश्वरी नावाची चार वर्षांची मुलगी पानाजवळ आली, नीट निरखून म्हणाली, “आतली कुठं गेली?” मी विचारलं, “तुला काय वाटतं?” ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि तिला काही अवघड वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

गोष्ट संपली, मुलं चपला शोधायला पळाली. ईश्वरी दारापाशी थांबली, मागे वळली आणि पाटाच्या दिशेनं तिनं हात हलवला. “टाटा, आजी.” मग हात खाली, स्वतःच्या उंचीएवढा आणला, आणि पाटाच्या शेजारी, जरा डावीकडे बघून पुन्हा हलवला. मी पुस्तकं आवरत होतो. मान वर केली नाही, पण भीती वाटली नाही.

ताईंचा पाट मी उचललेला नाही. दर शनिवारी त्याच्या डाव्या बाजूला एक लहान बस्कर टाकतो. सतरंजीवर कितीही दाटी झाली तरी मुलं त्यावर बसत नाहीत, आणि ते कुणासाठी आहे हे त्यांच्यापैकी एकानंही मला अजून विचारलेलं नाही.