इंजिन थंड होईपर्यंत

बायकोचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून मी देवीपुढे हात जोडणं सोडलं होतं. राग आला होता, की मागून काही मिळत नाही असं वाटू लागलं होतं, नक्की सांगता येत नाही. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी तिला आठवड्यातून दोनदा नागपूरला न्यायचो, संत्री वाहायच्या आमच्या जुन्या पिकअपमधून.

मे महिन्यातल्या एका सकाळी काटोल ओलांडलं आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. एसटीच्या थांब्याजवळ गाडी उभी केली. चूक माझीच होती. रेडिएटरमधलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झालं की हाताला येईल ते ओतायचो, कधी लाल, कधी हिरवं, तेही नसलं तर विहिरीचं पाणी. बायकोचे पाय सुजले होते, तिला धाप लागत होती. दवाखान्यातली वेळ हुकली तर त्या दिवशी दुसरी मिळेल याची खात्री नव्हती. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला आणि मनातल्या मनात देवीला एवढंच म्हणालो, ‘आई, माझ्यानं आता होत नाही. तूच पाहा.’

“झाकण उघडू नका भाऊ. उकळतं पाणी तोंडावर येईन.”

थांब्यावर बसची वाट पाहत बसलेली साठीतली एक बाई उठून आली होती. नवऱ्यामागं तिनं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं, असं नंतर कळलं. मी म्हणालो, “बाई, मले घाई आहे. पेशंट आहे गाडीत.”

“म्हणूनच सांगून राहिली. थंड होऊ द्या. तोवर बसा त्यायच्याजवळ.”

मी बायकोशेजारी जाऊन बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “अजून वेळ आहे जी.” कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं असे नुसते बसलो होतो. तेवढ्यात एसटी आली, थांबली आणि निघून गेली. ती बाई चढली नाही.

इंजिन निवल्यावर तिनं स्वतः रेडिएटरची खालची तोटी उघडली. तपकिरी चिखलासारखा गाळ बाहेर आला. “लाल अन् हिरवं एकात केलं ना? त्याचाच गोळा झाला. वरून विहिरीच्या पाण्याचा क्षार.” शेजारच्या चहाटपरीवरून पाणी आणून आम्ही रेडिएटर तीनदा धुतला, मग पिण्याचं शुद्ध पाणी भरलं. “हीटर चालू ठेवा अन् हळू चालवा. उन्हाळ्यात त्रास होईन, पण इंजिनची गरमी त्यातून निघन.”

गाडीत बसा म्हटलं तर तिला उलट्या दिशेला, लेकीकडे जायचं होतं. घामाघूम होऊन आम्ही नागपूरला पोहोचलो. नर्स बायकोचंच नाव पुकारत होती. तिला मशीनला जोडलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून मनसोक्त रडलो.

पुढं मेकॅनिककडून सगळं धुऊन घेतलं. आता कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं एकच कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घालतो, आणि निघण्याआधी थंड इंजिनवर पातळी पाहतो. बायकोचा आजार आहे तसाच आहे. पण मशीन चालू असते तेवढा वेळ मी पूर्वी वऱ्हांड्यात येरझारा घालायचो, घड्याळ पाहायचो. आता बाकावर डोळे मिटून बसतो, आणि मला असं बसता येतं याबद्दल देवीआईचे आभार मानतो.