आखूड पायाची बाज

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... असलं काही माझ्या घरात कुणी काढलं की मी त्याच्या पुढ्यात निवडायला तूर ठेवते. रिकाम्या डोक्याचे उद्योग, असं माझं मत होतं आणि बरंचसं अजूनही आहे. तरी हे लिहिते आहे, कारण या एका गोष्टीची मी करता येईल तेवढी चौकशी केली आणि ती जुळत नाही.

संयुक्त महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे हे तेरच्या शाळेत मास्तर होते. त्यांची बदली उस्मानाबादला झाली आणि आम्ही गावाबाहेरच्या नव्या वस्तीत भाड्यानं घर घेतलं. इतकं नवं, की आम्ही गेलो तेव्हा शहाबादी फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट अजून ओलं होतं.

निघण्याआधी तेरला मी सामानाचे तीन ढीग केले... न्यायचं, द्यायचं, मोडीत काढायचं. बाज द्यायच्या ढिगात टाकली. बाभळीची, सुंभानं विणलेली, एक पाय आखूड. सारवलेल्या जमिनीवर ती कशीबशी बसायची. सासूबाईंच्या आधीपासून गल्लीतली बहुतेक बाळंतपणं तिच्यावर झालेली, आमच्यातली आणि शेजारच्या पिंजाऱ्यांच्या घरातलीही. खाली शेगडी सरकवता येते, बाळंतिणीला ऊब मिळते, हा तिचा उपयोग.

पण तिची एक रीत होती आणि तिचाच मला राग होता. बाज मागायला कुणी आलं तर कोण, कुणासाठी, कधी, हे विचारायचं नाही. विचारलं की बाळंतीण अडते म्हणे. गुमान पायथ्याची बाजू आधी दाराबाहेर काढायची आणि द्यायची. परत येताना तिच्यावर ओंजळभर ज्वारी असायची. वस्तू आपली, आणि आज कुणाच्या घरी आहे ते आपल्याला ठाऊक नाही! मला असला कारभार चालत नाही.

त्यात माझी सुमन पहिलटकरीण, बाळंतपणाला नव्या घरी यायची होती. मी सोलापूरहून लोखंडी पलंग मागवला होता. शेजारच्या खातूनबीला बाज देऊ केली तर तिनं कपाळाला हात लावला.

“मास्तरीणबाई, पोरगी पोटुशी अन् तुम्ही बाज सोडून चाललाव?”

“नवा पलंग येतोय. स्प्रिंगचा.”

“स्प्रिंग म्हंजी काय जी?”

“बसलं की खाली जातं, उठलं की वर येतं.”

“मंग ते बाळंतिणीसाठी हाय का सर्कशीसाठी?”

मी हसले नाही. “खातूनबी, बाज तुमच्याकडं ठेवा. कुणाला लागली तर द्या. मला नको.”

उस्मानाबादला सगळं मनासारखं लागलं. सुमन आली. दिवस भरायला महिन्याहून जास्त अवकाश होता. हे शाळेच्या कामानं परंड्याला गेलेले. त्या दिवशी दुपारची जेवणं झाली, सुमन पान लावत होती, आणि तिनं एकदम भिंत धरली.

शेजारीण धावत जाऊन सुईणीला घेऊन आली. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. सुईण म्हणाली, “आता टांग्यात घातली तर वाटंतच व्हईल.” सुमनला नव्या पलंगावर निजवलं. स्प्रिंग दबली आणि पोरीची कंबर खाली, पाय वर! सुईणीचा हात चालेना. मग फरशीवर गाद्या टाकल्या. पण थंडीचे दिवस, नवी फरशी... गारवा गादीतून वर येत होता. सुमनचे दात वाजायला लागले आणि कळा थांबल्या.

“पोरगी गारठली. कळा मागं सरल्या,” सुईण म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “खालनं शेक पायजे. बाज न्हाय का तुमच्यात?”

“नाही,” मी म्हणाले.

त्या एका शब्दाइतका जड शब्द मी आयुष्यात उच्चारला नाही. मी पाणी तापवायला ठेवलं. आणि तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली.

“मास्तरीणबाई, दोन्ही फळ्या उघडा! बाज आत येऊ द्या!”

खातूनबी होती. गाडीवर तिचे मालक रसूलभाई, मागं आडवी टाकलेली बाज. विचारायला वेळच नव्हता. बाज मांडली, खाली शेगडी सरकवली, निखाऱ्यावर ओवा टाकला. आखूड पायाखाली द्यायला मी काही शोधत होते, तर पायाला लाकडाची नवी चीप ठोकलेली. बाज फरशीवर तसूभरही डुगडुगली नाही. दिवे लागायच्या सुमाराला मला नात झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढं ठेवला आणि विचारलं, “खातूनबी, तुम्हाला कळलं कसं?”

“असं काय करताव? तुम्हीच तर सांगावा धाडला.”

“मी? कधी?”

“परवा दिस मावळताना. बाई आली, अंगणातच हुभी राहिली. म्हनली, मास्तरीणबाईला बाज पायजे. आखूड पायाला चीप ठोकून न्या, तिकडं फरशी हाय. म्हनून तर पहाटं अंधारातच गाडी जुपली.”

“कोण बाई?”

“आता ते इचारत्यात व्हय?”

“अहो, तोंड तरी बघितलं असेल!”

“पदर व्हता. पानी देऊ का म्हनलं, तर म्हनली, येळ न्हाय.”

रसूलभाई बाहेरून म्हणाले, “मी इचारलं जी, चीप किती जाड ठोकू? दोन बोटं धरून दावली तिनं. तेवढीच ठोकली.”

त्या संध्याकाळी तर सुमन पोटभर पिठलं-भाकरी जेवली होती. कळ नाही, काही नाही. आमची फरशी तेरच्या कुणी पाहिलेली नव्हती. हे परंड्याहून आल्यावर म्हणाले, “योगायोग.” मी म्हटलं, “कशाचा आणि कशाचा, ते सांगा.” त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मी तेरला गेले. गल्लीतलं घर न घर विचारलं, वेशीपर्यंत विचारलं. कुणी गेलं नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं. फरशीबद्दल मी कुणाजवळ बोलल्याचंही आठवत नाही. या गोष्टीला माझ्याकडं उत्तर नाही, आणि उत्तर नसलेली ही एकच गोष्ट माझ्या संसारात आहे.

स्प्रिंगच्या पलंगावर आता हे वाचत पडतात. त्यानंतर आम्ही आणखी एकदा घर बदललं, तेव्हा पहिल्या गाडीत पहिली बाज चढली. दूधवाल्याची सुद्धा उलटतपासणी घेणारी मी, पण बाज मागायला कुणी आलं की तोंड मिटून पायथ्याची बाजू आधी बाहेर काढते.

ती बाईसुद्धा कधीतरी येईल मागायला. तिला मी नाव विचारणार नाही. पण वेळ असो-नसो, पाणी पाजल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, हे मी ठरवून ठेवलंय.