जेवल्याशिवाय घंटा नाही

कामाच्या गडबडीत जेवण राहिलं, असं तुम्ही पत्रात लिहिता तेव्हा मला अमरावतीच्या आमच्या शाळेतली शिपाईबाई आठवते. घंटा देणं तिचं काम, आणि त्यात ती मिनिटभरही चुकत नसे. मी पहाटे घरच्यांचे डबे भरून शिकवायला जाई आणि मधल्या सुट्टीत वह्या तपासत चहा-चिवड्यावर भागवी. “बाई, चिवड्यानं अंगात रगत येते का?” ती विचारायची.

एकदा मला वर्गात भोवळ आली. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी संपत आली, तर ती हातोडी घेऊन माझ्यासमोर उभी. टेबलावर तिची अर्धी भाकर आणि अंबाडीची भाजी.

“तुमी जेवा, मंग घंटा देतो.”

मी जेवत असतानाच मुख्याध्यापिका आल्या. “घंटा का नाही झाली?”

“घड्याय मांगं हाय, बाई,” ती शांतपणे म्हणाली.

माझ्यापायी तिची नोकरी जाईल, या भीतीनं मी दुसऱ्या दिवसापासून स्वतःचाही डबा भरू लागले. ती रोज झाकण उघडून आत पालेभाजी आहे ना, ते बघायची. मग घंटेकडे वळायची, अगदी वेळेवर.