कपाट मी उघडलं होतं

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सोलापुरातल्या एका प्रसूती रुग्णालयात नर्स होते. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता, त्यामुळे दिवसभर वॉर्डात खडखडाट. माझं बालपणच मागांच्या आवाजात गेलं. वडील नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचा धागा तुटला ते तेलुगूत ओरडून सांगायचे. तो कान मला त्यांच्याकडून मिळाला.

त्या चैत्रात सांगोल्याकडची एक मेंढपाळ बाई आली. आठवा महिना. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. पोटातलं हलणं कमी झालं म्हणून ती एसटीनं एकटीच आली होती. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला, जागा बदलून पुन्हा लावला. मग सरळ उभे राहत म्हणाले, "ठोके नाहीत. कळा आणायचं औषध सुरू करा."

बाई उठून बसली. "सकाळी हाललंय की ते. थोडं हाललं, पन हाललं."

"तसा भास होतो, बाई."

"दोन मेलेली प्वाटात वागवल्यात म्या. मेलेलं कसं आसतं ते मला ठावं हाय. ह्ये जितं हाय. मी औषध घ्यायची न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनची बाटली हातात धरून उभी होते. ती मी खाली ठेवली.

"सर, डॉप्लर लावून बघू या का?"

ते यंत्र वर्षभर मेट्रनबाईंच्या कपाटात बंद होतं. ट्रान्झिस्टरएवढा डबा आणि वायरला जोडलेला जाड पेनासारखा दांडा. रक्त वाहत असेल तर त्यावर आपटून परतणाऱ्या लहरी बदलतात आणि तो बदल कानाला ऐकू येतो, एवढं मला ते यंत्र रुग्णालयाला भेट देऊन गेलेल्या एका तरुण डॉक्टरांनी शिकवलं होतं. मोठे डॉक्टर त्याला खेळणं म्हणत.

"तीस वर्षं ह्या नळीनं ऐकतोय मी," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मेट्रनबाईंकडे किल्ली मागितली. "साहेबांनी सांगितलं तर देईन," त्या म्हणाल्या. किल्ली समोर टेबलावरच होती. मी ती उचलली, कपाट उघडलं आणि डबा घेऊन आले. दांड्याखाली लावायची जेली संपलेली, म्हणून पोटावर खोबरेल चोळलं. दांडा बेंबीखाली टेकवला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. नुसती खरखर. बाई छताकडे बघत होती. दांडा जरा तिरपा केला आणि आवाज आला. बारीक, भराभर चाललेला.

डॉक्टर मागे येऊन उभे होते. "आईची रक्तवाहिनी आहे ती. घाबरलीय, नाडी जोरात चाललीय."

"सर, तिचं मनगट धरा."

वॉर्डात त्यांना असं कुणी सांगत नसे. पण त्यांनी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. तिची नाडी ऐंशीच्या आसपास होती. डब्यातला आवाज एकशे चाळीसच्या पुढे. त्यांनी पुन्हा मोजलं. मग मनगट हळूच खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बाळाची वार पुढच्या बाजूला असेल, म्हणून नळीला सापडलं नाही. औषध नको."

"म्या काय सांगत हुते?" बाई म्हणाली.

पुढचे अकरा दिवस मी रोज सकाळ-दुपार ऐकत राहिले. बाराव्या सकाळी पोट आवळून आलं की ठोके शंभराच्या खाली जाऊ लागले आणि पोट सैल झालं तरी लवकर वर येईनात. मी धावत डॉक्टरांना बोलावलं. या वेळी त्यांनी स्वतः दांडा धरून ऐकलं आणि तासाभरात सिझेरियन केलं. हात त्यांचा सुरेख होता, ते कबूल केलंच पाहिजे. मुलगी झाली, हडकुळी, पण रडली.

गावाहून आलेल्या तिच्या आत्यानं विचारलं, "पोरगीच व्हय?"

"व्हय, पोरगीच," बाई म्हणाली. "वाईट वाटत आसंल त्यानं भाईर बसावं."

मला मात्र मेमो मिळाला. परवानगीशिवाय कपाट उघडल्याबद्दल लेखी माफी मागा. मी लिहिलं, "कपाट मी उघडले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडेन."

मेट्रनबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, शेवटची ओळ तेवढी काढ. मी मिटवते."

"नाही काढणार, बाई."

माझी बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. तिथं जखमा बांधत दोन वर्षं काढली. जेवणाच्या सुट्टीत मी प्रसूतीच्या वॉर्डात जाऊन नव्या नर्स मुलींना शिकवायची, आधी आईचं मनगट धरा, मग दांडा टेकवा. परवानगी मी मागितली नाही, आणि मला अडवायलाही कुणी आलं नाही.