जयवंताबाईंचं चौथं कडवं

मधुसूदन देवपुजारी म्हणजे आमच्या मनीषनगरच्या गायनवर्गाचे सर. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आम्हा बायकांना दोन आवाजांत गायला शिकवायला घेतलं. वरचा आवाज एका ओळीनं जातो, खालचा त्याच्यात गुंफत जातो, असं. माणूस सरळ, इतका सरळ की कधीकधी डोकं उठायचं. घरात हवं ते गुणगुणा, पण दुसऱ्याच्या गाण्याची मांडणी बदलून ते यूट्यूबवर टाकायचं तर ज्याचं आहे त्याला विचारा, हा त्यांचा नेम. एका सिनेमाच्या गाण्यासाठी त्यांनी कंपनीला मेलवर मेल पाठवले. तिकडून नकार आला आणि घासूनपुसून बसवलेलं गाणं सरांनी आमच्या तोंडातून काढून घेतलं. मी चिडून म्हटलं, "सर, सारं जग टाकून राहिलं, आपणच काहून सोवळं नेसून बसायचं?" ते म्हणाले, "जगाचं जग पाहील, उत्तराबाई."

आणि अशा माणसाच्या हातून हे व्हावं.

गेल्या वर्षी हुडकेश्वरच्या एका भजनी मंडळात त्यांनी एक भजन ऐकलं आणि वेडेच झाले. चाल साधी, पण मधेच अशी वळायची की पुन्हा ऐकावीशी वाटावी. शब्द आणि चाल दोन्ही जयवंताबाई भोयर यांची. त्या मंडळात गातात, त्यांचे यजमान ताराचंद मृदंग वाजवतात. सर लगेच त्यांच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. घरापुढच्या छपरीत ताराचंदभाऊ बसले होते. सरांनी रीतसर विचारलं. मांडणी करू का, रेकॉर्ड करू का, यूट्यूबवर टाकू का.

"घ्या ना गा सर, घरचंच आहे," ताराचंदभाऊ म्हणाले. "देवाच्या गाण्याले काय विचारता."

सरांनी हात जोडले. जयवंताबाई आतून चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि परत आत गेल्या. घरधन्याला विचारलं म्हणजे साऱ्या घराला विचारलं, ही आपल्याकडची रीतच. तिथं बसलेल्या कोणालाच त्यात काही खटकलं नाही.

तालमीत घोडं अडलं ते शेवटच्या कडव्यावर. भजन बांधणारा शेवटी आपलं नाव घालतो, तसं यातही होतं:

जयवंता म्हणे, आले तुझ्या दारी
शेणाचे हे हात धुतले नाही

'शेणाचे' या शब्दावर दोन आवाज एकावर एक चढले की आमच्या बायकांना हसू आवरेना. सर रागावले, समजावून थकले आणि शेवटी म्हणाले, "जाऊ द्या, तिसऱ्या कडव्यावर संपवू." तिथं त्यांनी सूर उंच नेऊन असा झकास शेवट बसवला की आमच्यावर आम्हीच खूश. व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं, मांडणी मधुसूदन देवपुजारी, सौजन्य ताराचंद भोयर. बघता बघता तो व्हिडिओ गावोगावच्या मंडळांत पोचला.

वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाला सरांनी भोयर नवराबायकोला आग्रहानं बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आम्ही गात होतो आणि जयवंताबाई ओठ हलवत आमच्याबरोबर म्हणत होत्या. तिसरं कडवं संपलं, सूर वर गेला, टाळ्या पडल्या. चौथ्यासाठी उघडलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं. टाळ्या ओसरल्या तेव्हा शेजारच्या बाईला त्यांनी विचारलं, "संपलं काय वं?" ते आम्हाला मंचावर ऐकू आलं, आणि सरांनाही. त्यानंतर सरांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ज्याचं गाणं त्याला विचारा म्हणून तुमचं डोकं खाल्लं मी. आणि ती बाई माझ्यासमोर कप ठेवून गेली, तर मी मान वर करून पाहिलं नाही. तिचं नाव तेवढं गाण्यातून काढलं. मला माझीच लाज वाटून राहिली आहे." व्हिडिओ त्यांनी काढून टाकला होता. पण बूंद से गई ती हौद से येत नाही.

शुक्रवारी आम्ही हुडकेश्वरच्या मंदिरात गेलो. सरांना जयवंताबाईंची माफी मागायची होती, आणि चारही कडवी त्यांच्या नावानं पुन्हा गाण्याची परवानगी. रस्ताभर ते वाक्यं जुळवत होते. मंडळ बसलेलं होतं, त्यात नव्या ले-आउटमध्ये अलीकडे राहायला आलेल्या बायकाच जास्त. आम्ही मागे बसलो. थोड्या वेळानं तेच भजन सुरू झालं, आणि ते दोन आवाजांत. बायकांनी आमच्या व्हिडिओवरून उचललं होतं. तिसरं कडवं झालं, सूर उंच गेला, टाळ थांबले.

जयवंताबाईंनी एकटीनं चौथं धरलं. "जयवंता म्हणे" एवढंच झालं, तोच एका तरुण बाईनं मायेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काकू, झालं ना गाणं. ते त्यात नाही आहे."

जयवंताबाईंनी टाळ मांडीवर ठेवले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर सगळ्यांसमोर उभे राहिले. जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"ते कडवं त्यात आहे," ते म्हणाले. "मी कापलं. जयवंताबाई, तुमची परवानगी असेल तर यांना मी ते शिकवतो."

जयवंताबाईंनी सरांकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"मले काय विचारता सर? यायले विचारा ना," म्हणून त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

ताराचंदभाऊ मान खाली घालून मृदंगाच्या वाद्या आवळत राहिले. सर उभेच होते, आणि पुढचं भजन कोणतं घ्यायचं म्हणून बायका एकमेकींना विचारत होत्या.