पाणंदीतली शिट्टी

राखीव जागेवर मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले तेव्हा माझी तिशी उलटायची होती. आमचं गाव गडमुडशिंगीच्या पलीकडं. निम्मं गाव उसात, निम्मं कोल्हापूरला नाहीतर एमआयडीसीत कामाला. माझे मालकही फौंड्रीत होते. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या अलीकडं आणि बाकी गाव पलीकडं. पहिल्याच बैठकीला सरपंच म्हणाले, "वहिनी, तुमी धाव्वी शिकलाय. पंचायतीच्या खबरा आता तुमीच वाचा की."

खबरा म्हणजे गावाला द्यायच्या सूचना. गायरानात झाडं लावायची आहेत, घरटी एका माणसानं यावं. ओढ्यात जनावरं धुऊ नयेत. जत्रेच्या कुस्त्यांचं मैदान सपाट करायचं काम चालू आहे. शाळेत पोरांना लस टोचायला डॉक्टर येणार. माइक पंचायतीच्या खोलीत होता, पण भोंगा उंच जागा म्हणून देवळाच्या शिखराला बांधलेला. पहिल्या दिवशी मी कागद दोन्ही हातांनी धरून वाचायला बसले. माझाच आवाज बाहेरून फिरून माझ्याकडं यायचा आणि मी थांबायची. शिपाई खुणेनं म्हणायचा, वाचा, वाचा.

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी त्यांना आत्ती म्हणायची.

"आज तुजा आवाज देवळावरनं आला," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मग? कोण काय म्हणालं का?"

"अजून तरी न्हाय."

त्या 'अजून तरी'नं मला पुढची कितीतरी वर्षं सोडलं नाही. दर वेळी माइकचं बटण दाबताना तेच आठवायचं. कुणी काही बोललं नाही, हे खरं. पण बोलतील, आज नाहीतर उद्या बोलतील, असं वाटत राहायचं.

दोन हजार सालानंतर तालुक्याकडून स्वच्छतेची मोहीम आली. गाव हागणदारीमुक्त करायचं, तपासणीला समिती येणार, पहिल्या येणाऱ्या गावाला बक्षीस. 'हागणदारी' हा शब्द मी देवळावरच्या भोंग्यातनं वाचला तेव्हा मला घाम फुटला होता. त्यातच पुढचं वाक्य होतं की, उद्यापासून पहाटे पथक फिरणार, पाणंदीत कुणी बसलेलं दिसलं तर शिट्टी वाजवून उठवणार.

आत्तींनी तेही ऐकलं होतं. "आन मी कुठं जायाचं? तुज्या भोंग्यात?" त्यांनी विचारलं.

 आमच्या वस्तीत घराला घर चिकटलेलं. संडासाला जागा नव्हती. आमच्या दारात खड्डा तेवढा खणून झाला होता, भोवती पोत्यांचा आडोसा, आत अजून काही नाही. मीही पाणंदीतच जात होते. शेतांच्या मधून जाणारी ती चिखलाची वाट, दोन्ही अंगाला उंच ऊस, हाच सगळ्या गावाच्या बायकांचा आडोसा होता.

पथकात सरपंच होते, शाळेतले एक गुरुजी होते आणि सांगलीकडून बदलून आलेले ग्रामसेवक होते. बायकांना बाईनं सांगावं म्हणून मी. ग्रामसेवकांच्या गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी आणि सरपंचांच्या हातात बॅटरी. बॅटरीचा उजेड पडला की बायका धडपडत उठायच्या आणि पदरानं आधी तोंड झाकायच्या. अंग झाकायच्या आधी तोंड. मी पुढं होऊन म्हणायची, "बाई, उद्यापासनं येऊ नका," आणि माझा आवाज ओळखून त्यातली एखादी पदराआडून पुटपुटायची, "तू कुठं जातीस गं मग?" मी मान खाली घालून पुढच्या माणसाच्या टाचा बघत चालायची. कुणीतरी दगड मारील असं वाटायचं. रोज पहाटे अंथरुणातनं उठताना मी देवाधर्माचं नाही, तर पावसाचं नाव घ्यायची. मोठा पाऊस लागला तर पथक निघणार नाही म्हणून.

त्या दिवशी नुसती भुरभुर होती. आम्ही निघालो. उजाडायला अजून वेळ होता, पण आभाळाचा काळा रंग थोडा विटला होता. मळ्याच्या वळणावर ग्रामसेवकांना उसाच्या कडेला काहीतरी हललेलं दिसलं आणि त्यांनी शिट्टी फुंकली. एक बाई उठली आणि उसात घुसली. पाला सळसळत गेला. सरपंच ओरडले, "अगं पळू नको! कोण खातंय का तुला?" पाल्याचा आवाज लांब गेला, मग एकदम थांबला, आणि पाण्यात जड काहीतरी पडल्याचा आवाज आला.

आम्ही चौघं तिथंच उभे राहिलो.  मग सरपंच अगदी वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाले, "तिकडं हीर हाय."

उसाच्या पात्यांनी हात-तोंड कापत आम्ही पळालो. जुनी दगडी विहीर, कठडा नाही, काठावर गवत माजलेलं. बॅटरी मारली तर पाणी माणूस-दीड माणूस खाली, काळं आणि हलणारं. त्या हलणाऱ्या पाण्यात मोटारीच्या पाइपाला धरलेला एक हात दिसला. बांगड्या भरलेला हात. मग तोंड वर आलं. मळ्यातल्या बड्या घरची नवी सून होती ती, वर्षाच्या आत लग्न झालेली.

ग्रामसेवक मटकन खाली बसले. "गेलं सगळं," एवढंच म्हणत राहिले. गुरुजी धावत जवळच्या गोठ्यातनं बैलाचा कासरा घेऊन आले आणि उतरायला निघाले, तशी ती पोरगी आतून किंचाळली.

"गडीमाणसं नकोत! माजं लुगडं सुटलंय! गडीमाणसं आली तर मी हात सोडतो!"

आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. 'मी हात सोडतो' हे तिनं ज्या तऱ्हेनं म्हटलं त्यावरून ती खरंच सोडणार हे मला कळलं. तिघं माझ्याकडं बघायला लागले.

मला पोहता येत नव्हतं. लहानपणापासून मला विहिरीच्या काठाशी उभं राहायलाही भ्या वाटायचं. शिवाय त्या विहिरीत आमच्या माणसांनी कधी पाय घातला नव्हता. आत्ती सांगायच्या, त्यांच्या तरुणपणी काठापासून लांब घागर मांडून बसायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. हे सगळं त्या क्षणी मला आठवलं असं म्हणणं खोटं होईल. आठवलं एवढंच की माझी पोरं अजून झोपलेली आहेत आणि मालक रात्रपाळीवरून यायचे आहेत.

गुरुजींनी कासरा माझ्या कमरेला बांधला. ते आणि ग्रामसेवक तोंड फिरवून उभे राहिले, दोर घट्ट धरून. सरपंचांनीही विहिरीकडं पाठ केली आणि हात मागं करून बॅटरी आत धरली. म्हातारा माणूस, न बघता धरलेली बॅटरी, नेम लागत नव्हता. उजेड कधी पाण्यावर, कधी समोरच्या दगडावर, माझ्या पायापाशी मात्र कधीच नाही. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मी बसूनच एक एक उतरले. पाणी पायाला लागलं तसा माझा श्वास अडकला. पुढची पायरी पाण्यात होती, तिच्याही पुढची पाण्यात. छातीपर्यंत आत गेल्यावर माझा हात तिच्या हाताला लागला.

तिनं माझं मनगट असं आवळलं की मला वाटलं, आता ही मला घेऊन खाली जाणार.

"सोडू नको, पण वढू पण नको," मी म्हणाले. माझे दात वाजत होते.

"आक्का, माजा पाय हलत न्हाय."

मी तिला पायरीकडं ओढून घेतलं. तिचं सुटलेलं लुगडं तिच्याभोवती गुंडाळलं. पायानं तिला वर चढता येणार नव्हतं. माझ्या कमरेचा कासरा सोडून तिच्या काखेतनं बांधायचा, दुसरा उपाय नव्हता. गाठ भिजून घट्ट झालेली, बोटं बधीर. कशीबशी सुटली. कासरा तिला बांधला आणि मी ओरडले, "वढा!" त्यांनी पाठमोरं राहूनच ओढलं. ती दगडाला घासत, कण्हत वर गेली.

आणि तिच्याबरोबर बॅटरीही गेली.

वर गलका झाला. तिच्या घरची माणसं ओरडा ऐकून आली होती. कुणीतरी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. आवाज लांब जायला लागले. मी एका हातानं दगडाची कड धरून पाण्यात बसले होते, अंगाला दोर नाही, वर बघितलं तर नुसता राखाडी गोल. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पाण्यात माझ्या पोटऱ्यांपाशी काहीतरी हललं, बेडूक असेल, पाला असेल. मी हललेच नाही. हलले तर घसरेन असं वाटलं. एवढी भीती मला त्याच्या आधी वाटली नव्हती, नंतरही नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

मग वरून सरपंचांचा आवाज आला. "आरं, वहिनी कुठाय? वहिनी आत ऱ्हायली की!"

दोर परत खाली आला.

घरी आले तेव्हा उजाडलं होतं. आत्तींनी कोरडं लुगडं दिलं. चूल पेटवली आणि मला तिच्यासमोर बसवलं. पण अर्ध्या तासात वस्तीत बातमी आली ती वेगळीच: पथकातल्या बाईनं मळ्यातल्या सुनेला पळवून विहिरीत घातलं. शेजारची म्हातारी सांगत आली, "पोरांना घिऊन आत बस. कडी लाव. ती माणसं यायला लागल्यात." ग्रामसेवक रजा टाकून सांगलीला निघून गेले होते. मालक आले, त्यांनी ऐकलं आणि कामाच्या कपड्यातच उंबऱ्यावर बसून राहिले. मी आत भिंतीला टेकून प्रत्येक मोटारसायकलचा आवाज ऐकत होते.

दुपार झाली आणि ते आले. त्या पोरीचा सासरा आणि सोबत चारजण. वस्तीतली माणसं आपापल्या दारात उभी राहिली. मालक उठले. सासरा आमच्या अंगणात आला, आडोशाच्या पोत्यांकडं त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "भाईर ये."

मी बाहेर आले. 

"शिट्टी कुणी वाजीवली?"

"ग्रामसेवकांनी."

"आन हिरीत कोण उतारलं?"

"मी उतारलो, मामा."

 मोठ्या अंगाचा माणूस, गावात त्याच्या आवाजापुढं कुणी बोलत नसे. मी खाली बघत होते, पण मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "पाय मोडलाय तिचा," तो शेवटी म्हणाला. "कोल्हापूरला, सीपीआर दवाखान्यात न्हेलंय. तुजंच नाव घेत हुती." मग मागं वळून आपल्या माणसांवर खेकसला, "चला की, काय बघत हुबारलाय?"

आभार नाही, शिवी नाही. ते ओढा उतरून गेले आणि मी अंगणातच ओकले.

ऑगस्टच्या ग्रामसभेला अहवाल मीच वाचायचा होता. शाळेच्या मैदानावर गाव जमलं होतं, पुढं माइक आणि भोंगा लावलेला. तो सासरा पुढं खुर्चीवर बसलेला. हातातल्या कागदावर लिहिलं होतं की, पहाटेच्या पथकाचं काम समाधानकारक चालू आहे. झाडांचं वाचून झालं, कुस्तीच्या मैदानाचं झालं, आणि त्या ओळीपाशी मी थांबले. सरपंच कुजबुजले, "वाचा की वहिनी."  मी कागद खाली ठेवला.

"पथक बंद करावं," मी म्हणाले. माझा आवाज इतका कापत होता की भोंग्यातनं दोनदा बोलल्यासारखा वाटला. "बायकांच्या मागं शिट्टी लावू नये. आधी आडोसा द्या, मग उठवा. आन पाणंदीच्या हिरींला कठडं बांधा."

 मग मागच्या बाजूनं, जिथं बायका बसल्या होत्या तिथनं, कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय." ती कुणी ताकदवान बाई नव्हती, भाजी विकणारी म्हातारी होती. सासरा उठून उभा राहिला. मला वाटलं, आता. तो म्हणाला, "ती सांगतीया ते लिवून घ्या." आणि खाली बसला.

सुनेनं त्याला दवाखान्यात काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं. त्यांच्या घरात संडास होता, पण सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, तोंडाला. सासरा आणि दीर दिवसभर तिथंच बसलेले. त्यांच्या देखत जायची तिला लाज वाटायची, म्हणून ती अंधारात पाणंदीत यायची.

दिवाळीनंतर विहिरींना कठडे झाले. पथक पुन्हा निघालं नाही. वस्तीच्या कडेला गायरानात बायकांसाठी संडास बांधले गेले, त्यांना पाणी यायला मात्र पुढचा उन्हाळा लागला. बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं आणि त्याबद्दल काहींनी मला बरीच वर्षं ऐकवलं. माझी मुदत संपेपर्यंत खबरा मीच वाचल्या. भीती गेली नाही. ती जाते असं लोक सांगतात, मला तसा अनुभव नाही. मी घाबरतच बटण दाबायची आणि घाबरतच वाचायची.

ती पोरगी नंतर एकदा मला कोल्हापूरच्या स्टँडवर भेटली, राधानगरीच्या गाडीची वाट बघत. कडेवर मूल होतं, चालताना एक पाय जरा ओढत होती. माझा हात धरून ती बाकावर बसली.

"आक्का, रात्री झोपत पाण्याचा आवाज येतो. उठून बसतो मी," ती म्हणाली.

"मी पण," मी म्हणाले.

गाडी लागली. तिनं पोर माझ्याकडं दिलं, आधी पिशव्या चढवल्या, दांडीला धरून एक पाय वर टाकला आणि मग हात खाली करून पोर मागून घेतलं.