उंदरांची लस आणि आईचं वाण

मी मोहालीतल्या एका प्रयोगशाळेत न्यूमोनियाच्या लशीवर काम करते. आमची लस टोचायची नाही, दंडावर चिकटवायची. टिकलीएवढ्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात आणि त्या कातडीतच विरघळून जातात. सगळं जमलं तर तिला फ्रीजही लागणार नाही, डोंगरातल्या गावांपर्यंत ती साध्या पिशवीतून नेता येईल. सध्या काम उंदरांवर चाललंय. हे सगळं मी घरी इतक्या कौतुकानं सांगत असे की शेवटी ते माझ्यावरच उलटलं.

हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे चंदीगडला राहायला आली. इथलं धुकं तिच्या दम्याला मानवेना. न्यूमोनियाची लस घ्याच, असं डॉक्टरांनी बजावलं, या वयात तो झाला तर निभावणं कठीण. पण आई सुईला लहानपणापासून भिते.

"तुझी ती चिकटवायची आली की घेईन," ती म्हणाली.

"आई, तिला अजून काही वर्षं लागतील."

"उंदरांना मिळते आणि मला नाही?"

माझी लेक मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदीत. "आजी डर गई," ती म्हणाली.

"घाबरले नाही, थांबलेय," आईनं तिला सुनावलं.

आईचा खोकला ऐकला की माझा जीव खालीवर व्हायचा. समजावून झालं, भांडून झालं, अबोलाही धरून झाला. आई ढिम्म हलेना.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. तिळाच्या वड्या आईनंच केल्या, ओल्या हरभऱ्यासाठी सेक्टरातला बाजार पालथा घातला, आणि बायका यायच्या वेळेला खोकल्याचं निमित्त करून आतल्या खोलीत जाऊन बसली. बाबा गेल्यापासून ती असंच करते आणि मला त्याचा दर वेळी राग येतो. या वेळी मी तबक घेऊन सरळ आत गेले आणि तिला हळदीकुंकू लावलं.

"अगं, मला कशाला," ती म्हणाली. पण कपाळ मागे घेतलं नाही. जरा वेळानं तिनंच विचारलं, "आणि वाण?"

"वाण दवाखान्यात आहे. उद्या सकाळी जाऊन घ्यायचं."

आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. आलेलं वाण नाकारू नये, हे मला तिनंच शिकवलेलं. "लबाड कुठली," म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी एकीला दोनदा हळदीकुंकू लावलं.

सकाळी दवाखान्यात तिनं स्वेटरची बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्सनं विचारलं, "माताजी, डर तो नहीं लग रहा?"

"लग रहा है जी," आई म्हणाली. "लेकिन इतने साल बाद किसी ने वाण दिया है."